परदेशात बालशिक्षिका व्हायचे आहे. देश कोणता निवडू?

वाचकाचे पत्र : मी २९ वर्षांची असून गेली सहा वर्षे तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे. त्यानंतर बालशिक्षणाची एक वर्षाची पदविका केली. याच क्षेत्रात परदेशी काम करण्याची फार इच्छा आहे. एक एजंट म्हणतो, बालशिक्षिकांचा सगळीकडे तुटवडा आहे, शुल्क भरा, तीन महिन्यांत नोकरी आणि व्हिसा दोन्ही मिळवून देतो. मैत्रीण म्हणते, माँटेसरीची आंतरराष्ट्रीय पदविका घे, मग कुठेही जाता येईल. मी कोणता देश निवडावा? पदवी वाणिज्य शाखेची असल्यामुळे माझे दार बंद झाले आहे का? आणि सध्याची नोकरी केव्हा सोडावी?

उत्तर : तुम्ही देशाचा प्रश्न सर्वांत आधी विचारला आहे. मी तो थोडा मागे ठेवणार आहे, कारण त्याच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते आणि ते एजंटने तुम्हाला विचारलेलेच दिसत नाही. तुमच्या पदविकेला आणि सहा वर्षांच्या अनुभवाला त्या देशात कोणते पद मिळेल, हा तो प्रश्न. बालशिक्षणाची सुसंघटित व्यवस्था असलेल्या बहुतेक देशांत या कामाच्या निदान दोन पायऱ्या असतात. एक नोंदणीकृत शिक्षिकेची, आणि दुसरी सहायक किंवा बालसंगोपन कर्मचाऱ्याची. वर्गात दोघी शेजारी शेजारी बसून तेच ठोकळे रचत असतात, परंतु पगार, व्हिसाचा प्रकार, कुटुंबाला सोबत नेण्याची मुभा आणि पुढे स्थायिक होण्याची शक्यता या सगळ्या गोष्टी तुम्ही यांपैकी कोणत्या पायरीवर आहात यावर ठरतात. 'नोकरी मिळवून देतो' असे म्हणणारा माणूस यांतली कोणती नोकरी देणार आहे हे सांगत नसेल, तर त्याने अजून काहीच सांगितलेले नाही.

आता तुमच्या वाणिज्य पदवीविषयी, कारण पत्रातला खरा संकोच तिथेच जाणवतो. ही पदवी तुम्हाला अडचण वाटते; प्रत्यक्षात काही देशांत तीच तुमची सर्वांत उपयोगी वस्तू ठरू शकते. न्यूझीलंडमध्ये बालशिक्षणाची शिक्षिका म्हणून नोंदणी व्हायची तर शिक्षक प्रशिक्षण पदवीच्या पातळीचे असावे लागते. एक वर्षाच्या पदविकेवर ती नोंदणी होईल असे मला वाटत नाही. मात्र कोणत्याही विषयात पदवी घेतलेल्या व्यक्तीला तिथे बालशिक्षणातली साधारण एक वर्षाची पदव्युत्तर पदविका करून शिक्षिका होण्याचा मार्ग खुला आहे. ऑस्ट्रेलियातही इतर विषयांच्या पदवीधरांसाठी बालशिक्षणातल्या पदव्युत्तर पदविका आणि शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदव्या आहेत. म्हणजे ज्या सहकारी केवळ बारावी आणि पदविका यांवर उभ्या आहेत त्यांच्यापेक्षा तुमचा रस्ता दोन-तीन वर्षांनी आखूड आहे.

ऑस्ट्रेलियाची व्यवस्था थोडी सविस्तर सांगतो, कारण तिथली शिडी स्पष्ट आहे आणि ती समजली की इतर देशांकडे पाहण्याची दृष्टी येते. तिथे 'सर्टिफिकेट थ्री' हे प्राथमिक प्रमाणपत्र, पदविका आणि पदवीधर बालशिक्षिका अशा तीन पातळ्या आहेत. २०१२ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय गुणवत्ता चौकटीनुसार, शाळापूर्व वयाची मुले असलेल्या केंद्रात मुलांच्या प्रमाणात नेमाव्या लागणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी किमान निम्म्यांकडे पदविका असावी लागते किंवा त्या दिशेने त्यांचे शिक्षण चालू असावे लागते. परदेशी अर्हता यांपैकी कोणत्या पातळीची धरायची हे एसीईसीक्यूए ही राष्ट्रीय संस्था ठरवते, आणि मान्यताप्राप्त अर्हतांची यादीही तीच प्रसिद्ध करते. माझा आग्रह असा की अभ्यासक्रमावर किंवा एजंटवर एक पैसाही खर्च करण्यापूर्वी ज्या देशाचा विचार आहे तिथल्या अशा संस्थेकडून आपल्या कागदांचे मूल्यमापन करून घ्यावे. त्याचे शुल्क असते, वेळ लागतो, उत्तर मनासारखे येईलच असे नाही. पण आपण शिडीच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्या एका कागदावरून कळते. न्यूझीलंडमध्ये अर्हतेचे मूल्यमापन एनझेडक्यूए करते आणि शिक्षक म्हणून नोंदणी टीचिंग कौन्सिल करते. ही दोन वेगळी दारे आहेत, आणि पहिले उघडले म्हणजे दुसरे आपोआप उघडते असा समज करून घेऊ नये.

इंग्लंडमध्ये एक बारीक खाच आहे, तीत अनेक जण अडकतात. २०१३ पासून तिथे लहान मुलांच्या शिक्षिकांसाठी 'अर्ली इयर्स टीचर स्टेटस' नावाचा दर्जा आहे. तो नावाने शिक्षकाचा असला तरी सरकारी शाळांमधल्या शिक्षकांसाठी लागणाऱ्या 'क्वालिफाइड टीचर स्टेटस'च्या बरोबरीचा नाही. पाळणाघरात त्याला मान आहे, शाळेच्या वेतनश्रेणीत तो आपसूक बसत नाही. तेव्हा तिथला कोणताही अभ्यासक्रम निवडताना शेवटी या दोहोंपैकी काय हाती पडणार आहे हे आधी लेखी विचारावे. कॅनडात हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत आहे. ऑन्टारियोत बालशिक्षकांचे स्वतंत्र नोंदणी मंडळ आहे आणि त्याच्या सदस्यत्वाशिवाय नोंदणीकृत बालशिक्षक ही उपाधी लावताच येत नाही. ब्रिटिश कोलंबियात सहायक आणि शिक्षक यांची प्रमाणपत्रे वेगळी आहेत. एका प्रांतातले प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या प्रांतात गेले तरी पुन्हा अर्ज करावा लागतो.

जर्मनीचे नाव तुमच्या पत्रात नाही, तरीही ते घेतो. तिथे १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाची जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे मनुष्यबळाची मागणी मोठी आहे आणि ती टिकून आहे. परंतु 'एर्झीअर' म्हणजे बालशिक्षक हा तिथे नियमन असलेला व्यवसाय आहे, परदेशी अर्हतेची मान्यता राज्यागणिक घ्यावी लागते, तफावत आढळल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि या सगळ्याच्या आधी जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी-२ (म्हणजे अस्खलितपणे बोलता येईल अशा) किंवा त्याहून वरच्या पातळीची यावी लागते. भाषेची ही अट केवळ कागदोपत्री नाही. संगणकावर काम करणारा अभियंता इंग्रजीवर निभावून नेतो. पडून गुडघा फुटलेले तीन वर्षांचे मूल मात्र आपल्याच भाषेत रडते आणि त्याच भाषेत समजूत काढून घेते. फिनलंड, नॉर्वे, स्वीडन या देशांनाही हेच लागू आहे. भाषेवर दीड-दोन वर्षे मन लावून घालवायची तयारी असेल तर जर्मनी अवश्य विचारात घ्यावा. नसेल तर तो विषय इथेच सोडावा.

आखाती देश आणि सिंगापूर यांचे गणित वेगळे आहे. दुबईतल्या अनेक खासगी शिशुशाळा इंग्लंडची 'ईवायएफएस' ही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची अभ्यासक्रमाची चौकट वापरतात, कामाची भाषा इंग्रजी असते आणि प्रवेश तुलनेने लवकर मिळतो. मात्र तिथला निवासाचा परवाना सहसा मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे नोकरी गेली की राहण्याचा प्रश्न लगेच उभा राहतो. सिंगापूरमध्ये २०१३ साली स्थापन झालेली ईसीडीए ही संस्था शिक्षकांच्या पात्रतेवर देखरेख ठेवते. आंतरराष्ट्रीय शाळांची स्वतःची एक दुनिया आहे. त्यांतल्या बऱ्याच शाळा 'आयबी' म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा तीन ते बारा वयोगटासाठीचा कार्यक्रम राबवतात, करार बहुधा दोन वर्षांचे असतात, आणि मुख्य शिक्षिकेच्या पदासाठी स्वतःच्या देशाचा शिक्षक परवाना मागितला जातो. कायमचे स्थलांतर मनात नसेल आणि दोन-चार वर्षे वेगळ्या वातावरणात काम करून पाहायचे असेल, तर ही वाट वाईट नाही. फक्त तिचा अनुभव पुढे इतर देशांत नोंदणीसाठी जसाच्या तसा धरला जाईल अशी आशा ठेवू नका.

मैत्रिणीचा सल्ला अर्धा बरोबर आहे. मारिया माँटेसरी यांनी स्वतः १९२९ मध्ये स्थापन केलेल्या असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनलची पदविका जगभरच्या माँटेसरी शाळांत आदराने पाहिली जाते, आणि त्या पद्धतीवर तुमचे प्रेम असेल तर ती जरूर घ्यावी. पण ती सरकारी परवान्याची जागा घेत नाही. शिवाय माँटेसरी हे नाव कोणत्याही एका संस्थेच्या मालकीचे नाही, त्यामुळे काही आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग चालवणाराही त्यावर 'आंतरराष्ट्रीय' असा शिक्का मारू शकतो आणि मारतोही. अभ्यासक्रमात मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि देखरेखीखालचा अध्यापनाचा सराव किती तासांचा आहे हे विचारा. उत्तर अडखळत आले तर समजून जा.

एजंटविषयी थोडे स्पष्ट बोलतो. तुटवडा आहे हे तो खरे सांगतो. तो का आहे हे मात्र तो सांगणार नाही. बहुतेक देशांत या वयोगटाच्या शिक्षिकांचे वेतन प्राथमिक शिक्षकांपेक्षा कमी असते, काम शारीरिकदृष्ट्या थकवणारे असते आणि माणसे सोडून जातात. रिकाम्या जागांचा मोठा भाग असा तयार होतो. 'तीन महिन्यांत नोकरी आणि व्हिसा' हे वाक्य मला तर ऐकूनच पुरे वाटते, कारण अर्हतेचे मूल्यमापन, भाषेची परीक्षा, चारित्र्य पडताळणी आणि नोंदणी हे चार टप्पे एवढ्या काळात क्वचितच उरकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्याय्य भरतीच्या तत्त्वांनुसार नोकरी मिळवून देण्याचे शुल्क कामगाराकडून घेऊ नये. व्हिसासंबंधी सल्ला देणे ही वेगळी सेवा आहे आणि तिचे पैसे घेतले जातात. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या तिन्ही देशांत असा सल्ला देणाऱ्यांची अधिकृत नोंदणी असते आणि तिची सूची कोणालाही पाहता येते. तुमच्या एजंटचे नाव त्या सूचीत शोधा. नाव नसेल, तर पुढची भेट ठरवू नका.

'ओ पेअर' म्हणून जाण्याचा प्रस्तावही कधीतरी समोर येईल, म्हणून एवढेच सांगतो की परक्या कुटुंबात राहून त्यांची मुले सांभाळण्याची ती व्यवस्था आहे. अमेरिकेत त्यासाठी वयाची मर्यादा १८ ते २६ अशी असल्यामुळे तिथले दार तुमच्यासाठी बंदच आहे, आणि शिक्षिका म्हणून पुढे जाण्याच्या दृष्टीने तुमचे त्यात काही नुकसान नाही.

कागदपत्रांच्या धावपळीत एक गोष्ट नेहमी मागे पडते, ती म्हणजे हे काम तिकडे प्रत्यक्षात कसे केले जाते. तुम्ही तीन ते पाच वयाच्या मुलांसोबत काम केले आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे जन्मापासून शाळेत जाईपर्यंतचा काळ एकाच व्यवस्थेत येतो, त्यामुळे शिक्षिकेला तान्ह्या बाळांच्या खोलीतही काम करावे लागते आणि लंगोट बदलणे हे मदतनिसाचे काम मानले जात नाही. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालील दर चार मुलांमागे एक कर्मचारी लागतो, इंग्लंडमध्ये दर तीन मुलांमागे एक. या वयाचा अनुभव तुमच्याकडे नसेल तर तो आत्तापासून मिळवावा, आठवड्यातून एक दिवस का होईना. अक्षरे गिरवून घेणे, पाठांतर, गृहपाठ यांना तिकडच्या चौकटींत फारसे स्थान नाही. न्यूझीलंडची 'ते फारिकी' ही १९९६ साली आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची चौकट वाचून पाहा. ती विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मुलाच्या खेळातून शिकणे कसे ओळखायचे याची कल्पना तिच्यातून जितकी येते तितकी एखाद्या महागड्या कार्यशाळेतून येणार नाही.

या ओळखण्याचेच लेखी रूप म्हणजे निरीक्षणाची नोंद, आणि मुलाखतीत तिचा नमुना मागितला जाण्याची बरीच शक्यता असते. 'आज मूल पाण्याशी छान खेळले' ही नोंद नव्हे. नोंद अशी असते : मुलाने बाटलीत मोठे नरसाळे धरून पाणी ओतले, पाणी बाहेर सांडू लागल्यावर तो थांबला, नरसाळे काढून बाटलीच्या तोंडाशी लावून पाहिले, शेजारच्या मुलीकडे लहान नरसाळे मागितले, तिने दिले नाही, तेव्हा तो उठून चोच असलेला कप घेऊन आला आणि त्याने बाटली भरली. यानंतर दोन वाक्यांत तुमचा अर्थ येतो : आकारांची तुलना, अडचणीवर स्वतः शोधलेला उपाय, नकार मिळूनही न चिडता पुढे जाणे. शेवटी एक वाक्य उद्यासाठी, की वेगवेगळ्या तोंडांच्या बाटल्या आणि दोन लहान नरसाळी मांडून ठेवणार. न्यूझीलंडमध्ये मार्गारेट कार यांच्या कामातून रूढ झालेल्या 'लर्निंग स्टोरीज' याच जातीच्या, थोड्या अधिक आपुलकीने आणि पालकांना वाचता येतील अशा लिहिलेल्या असतात. सहा वर्षांत तुम्ही असे शेकडो प्रसंग पाहिले असणार. त्यांतले काही आता पाहता पाहता लिहायला लागा. मुलांची नावे आणि छायाचित्रे त्यात घालू नका, कारण पालकांच्या संमतीशिवाय ती दाखवणे ही तिकडे उमेदवाराच्या विरोधात जाणारी गोष्ट आहे.

मुलाखतीतले प्रश्नही याच थाटाचे असतात. दोन वर्षांचे मूल दुसऱ्याला चावले तर तुम्ही काय कराल? 'समज देईन, कोपऱ्यात बसवीन' असे उत्तर आले की मुलाखत तिथेच संपल्यात जमा असते. आधी चावा बसलेल्या मुलाकडे जायचे, जखम पाहायची, मग चावणाऱ्याला शांतपणे आणि थोडक्यात सांगायचे, घटनेची लेखी नोंद करायची, दोन्ही घरांना कळवायचे पण दुसऱ्या मुलाचे नाव सांगायचे नाही, आणि पुढचे काही दिवस हे कोणत्या वेळी, कोणत्या गर्दीत, दात येत असताना की झोप आली असताना घडते ते पाहायचे, असे उत्तर अपेक्षित असते. बालसुरक्षेवरचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. एखादे मूल घरी मारहाण होत असल्याचे सुचवते, तेव्हा 'कुणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही, त्याची उलटतपासणी करायची नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवायचे.

वर्गाबाहेरची वाटही आहे, हे जाता जाता नोंदवतो. युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन यांसारख्या संस्था निर्वासित आणि आपत्तीग्रस्त मुलांसाठी बालविकासाचे कार्यक्रम चालवतात. तिथे सहसा पदव्युत्तर शिक्षण आणि प्रकल्प राबवण्याचा अनुभव लागतो, म्हणून आज तो पर्याय तुमच्यासाठी नाही. पाच-सात वर्षांनी असू शकेल.

मग देश कोणता? तुमच्यापुरते माझे मत असे आहे की इंग्रजीत काम करायचे असेल आणि स्थायिक होण्याची इच्छा असेल, तर न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलिया यांपैकी एक ठरवावा, तिथल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे, आणि मगच पदव्युत्तर पदविकेसाठी अर्ज करावा, तोही नोंदणी मंडळाच्या मान्यताप्राप्त यादीत असलेल्याच अभ्यासक्रमाला. हा मार्ग महाग आहे हे मी लपवत नाही. विद्यार्थी म्हणून घालवलेल्या वर्षात कमाई तुटपुंजी राहील, आणि व्हिसाचे नियम शिकत असतानाही बदलू शकतात. म्हणून कर्जाचा हप्ता ठरवताना आपल्याला सहायकाच्या पगारावर तो फेडता येईल का, हा हिशेब मांडा. शिक्षिकेच्या पगारावर मांडू नका. व्हिसासाठी लागणारी भाषेची पातळी आणि नोंदणी मंडळाला लागणारी पातळी वेगळी असू शकते, तेव्हा दोहोंतली वरची धरून तयारी करा. प्रमाणपत्रे परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून १९६१ च्या हेग करारानुसार त्यांवर 'अपोस्टिल', म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, घ्यावा लागतो. कॅनडात हा करार जानेवारी २०२४ पासून लागू झाला आहे. त्या करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाची साक्षांकनाची लांबची प्रक्रिया करावी लागते.

नोकरी सोडण्याबद्दल. स्वाक्षरी झालेला करार किंवा प्रवेशपत्र आणि त्यासोबत व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. मात्र अनुभवाचे पत्र आजच मागून घ्या, मुख्याध्यापिका बदलल्या किंवा संस्था बंद पडली तर नंतर ते मिळवणे दुरापास्त होते. 'सहा वर्षे समाधानकारक काम केले' एवढ्याने भागत नाही. तुमचे पद, नेमणुकीची तारीख, आठवड्याचे तास, मुलांचे वय महिन्यांसह, गटातली मुलांची संख्या, वर्गाची मुख्य जबाबदारी तुमची होती की दुसऱ्या कोणाची, नियोजन आणि पालकसभा कोण घेत असे, हे सगळे त्या पत्रात संस्थेच्या शीर्षपत्रावर, सहीशिक्क्यानिशी आणि पडताळणीसाठी चालू दूरध्वनी क्रमांकासह असावे. पदविकेच्या अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि सरावाच्या तासांचा दाखलाही त्याच आठवड्यात तुमच्या महाविद्यालयातून काढून ठेवा. मूल्यमापन करणारी संस्था सर्वांत आधी तोच मागते.